मे महिन्याचा वाचक

आक्षेपक : वार्षिक परीक्षेचा निकाल महाराष्ट्र दिनाच्या सुमारास लागतो आणि जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद राहते, या दीड महिन्यात मुलांनी कादंबऱ्या वाचाव्यात अशी आपल्या सुशिक्षित घरांतून वहिवाट पडली आहे, आणि ती इतकी सर्वमान्य झाली आहे की तिची कारणे विचारणाऱ्यास लोक वाचनाचा शत्रू समजतात. मी वाचनाचा शत्रू नाही. माझी तक्रार एका विशिष्ट जातीच्या पुस्तकाविषयी आणि ते वाचण्याच्या एका विशिष्ट रीतीविषयी आहे. तेरा ते सतरा या वयासाठी मुद्दाम बेतलेली कादंबरी मी हाती घेतो, तेव्हा तिचा नायक वाचकाच्याच वयाचा, त्याचे दुःख वाचकाच्याच मापाचे आणि त्याची भाषा वाचकाच्याच तोंडची असलेली मला आढळते. ज्या वयात मनुष्य आधीच अहोरात्र स्वतःविषयी विचार करीत असतो, त्या वयात त्याला त्याच्याविषयीच आणखी दोनशे पाने वाचावयास द्यावीत, यात मला त्याचे हित दिसत नाही. आमच्या आधीच्या पिढ्यांना असे पुस्तक कोणी दिले नव्हते. परीकथा आणि पंचतंत्र संपले की ती मुले थेट हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाला'कडे किंवा नाथमाधवांच्या 'वीरधवला'कडे वळत. त्यांतील दरबारी कारस्थानांचा निम्मा भाग त्यांच्या डोक्यावरून जाई. परंतु जे कळत नाही ते आपल्याहून मोठे आहे आणि ते कळण्याइतके आपणांस मोठे व्हावयाचे आहे, ही जाणीव त्यांना त्या निम्म्या भागानेच दिली. आजच्या किशोर-कादंबरीत न कळण्याजोगे काही शिल्लकच ठेवलेले नसते. आणि ती वाचण्याची रीत पाहावी : सकाळी एक पुस्तक, संध्याकाळी दुसरे, वर्षभराची थकबाकी वसूल करावी तशा घाईने. शाळा उघडली की त्यांतल्या एकाचेही नाव कोणी काढीत नाही.

पुरस्कर्ता : आपण आधीच्या पिढ्यांची साक्ष काढलीत, परंतु साक्षीदाराला अर्धीच जबानी देऊ दिलीत. 'उषःकाल' वाचणाऱ्यांच्या पाठची पिढी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड अंकगणिताच्या पुस्तकाआड धरून वाचीत होती. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचनालयांतून भाड्याने घरी येत, आणि त्या फस्त करणाऱ्यांत शाळकरी मुलांचा भरणा केवढा होता, हे त्या काळात वाढलेले कोणीही सांगेल. घाईने वाचणे ही आजची कुरीत नव्हे. तथापि आपला पहिला मुद्दा अधिक वजनाचा आहे. न कळण्याचे मोल मलाही मान्य आहे. पण पंधराव्या वर्षी सर्वांत न कळणारी गोष्ट दरबारातील कारस्थान ही नव्हे. कालपर्यंत जिच्या कुशीत शिरावेसे वाटे त्या आईचा आवाज आज सहन का होत नाही. जिवलग मित्र दुसऱ्या तुकडीत गेला एवढ्याने जेवण का नकोसे व्हावे. वडिलांनी कोणापुढे तरी हात जोडलेले पाहिले तेव्हा त्यांची कीव आली की राग आला, आणि जे आले त्याची लाज का वाटली. या गोष्टी त्या वयाला दरबारापेक्षा किती तरी गूढ असतात. मनुष्य त्या वयात स्वतःविषयी अहोरात्र विचार करतो हे आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र तो विचार तो शब्दांवाचून करतो, आणि म्हणून त्याला तो विचार न वाटता आजारासारखे काही तरी वाटते. आपल्यासारखेच दुसऱ्या कोणाला वाटले आणि त्याने ते नीट वाक्यांत मांडले, हे कळणे ही त्या मुलाला मिळालेली पहिली सुटका असते.

आणि आणखी एका गोष्टीचा आपण विचार करावा. ज्या पिढ्यांना किशोर-कादंबरी मिळाली नाही, त्यांतील बहुतेकांना किशोरवयही मिळाले नव्हते. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' हे पत्र काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः प्रसिद्ध केली. तिच्यातील यमू आपली कहाणी लहानपणापासून आपल्याच तोंडाने सांगते. भातुकलीतून उठलेली ती मुलगी सासरच्या माजघरात जाऊन पोचते, आणि या दोहोंच्या मध्ये आपण ज्याला किशोरवय म्हणतो त्याला तिच्या आयुष्यात जागाच सापडत नाही. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला तो त्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यापुरता, आणि तेवढ्यानेही महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. भातुकली आणि संसार यांच्यामध्ये आज जी काही वर्षांची मोकळी जागा दिसते, ती शाळेने, कायद्याने आणि मुलींच्या शिक्षणासाठी शिव्याशाप सोसलेल्या माणसांनी थोडथोडी करून मिळवलेली आहे. त्या जागेत राहावयास आलेल्या माणसासाठी आपण काही लिहू नये, त्याने बालवाङ्मय तरी वाचावे किंवा प्रौढांचे तरी, असे म्हणणे म्हणजे यमूचा जुना रस्ता पुस्तकांच्या रूपाने पुन्हा आखून देणे होय.

आक्षेपक : हा इतिहास मी बिनतक्रार मान्य करतो, आणि त्याच्याच आधाराने माझा दुसरा आक्षेप मांडतो. ही मोकळी जागा कायद्याने आणि शाळेने निर्माण केली असेल, तर जिथे कायदा आणि शाळा यांचा अंमल संपतो तिथे तीही संपते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली ती सहा ते चौदा या वयापुरती. म्हणजे आपल्या किशोर-कादंबरीचा वाचक जिथे सुरू होतो, नेमके तिथे सरकारने आपला हात काढून घेतला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर गाळपाच्या हंगामासाठी घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची मुलेही पुष्कळदा बैलगाडीबरोबर जातात आणि फडावर धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्या मुलाच्या मे महिन्याला सुट्टी म्हणावयाचे तरी कशावरून? अवर्षणाच्या मुलखात मे म्हणजे पाण्याचा महिना, आणि पाण्याच्या खेपा बहुधा मुलींच्या वाट्याला येतात. कोकणातील मुलगा आंबे उतरवण्यात असतो, देशावरचा नांगरटीत आणि लग्नसराईत. सुट्टीत पालथे पडून कादंबरी वाचणे ही ज्याच्या घरी पंखा आहे, फावला वेळ आहे आणि पुस्तके विकत घेणारे आईबाप आहेत त्याची चैन आहे. चैनीलाही माझी हरकत नाही. परंतु या कादंबऱ्यांतील पात्रेही त्याच घरांत राहतात, त्याच इमारतींत वावरतात आणि त्याच शाळांत जातात. त्यामुळे फडावरच्या मुलीला त्यांत आपण दिसत नाही, आणि पंख्याखालच्या मुलाला ती फडावरची मुलगी दिसत नाही. जे वाङ्मय एकाला स्वतःखेरीज काही दाखवीत नाही आणि दुसऱ्याला स्वतःदेखील दाखवीत नाही, त्याला सुटकेचे साधन म्हणण्यास माझे मन धजत नाही.

पुरस्कर्ता : आपल्या या आक्षेपाला मी उत्तर देणार नाही, कारण त्यातील वस्तुस्थिती खोडण्याजोगी नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. जे थोड्यांना मिळते ते पुष्कळांपर्यंत पोचवावयाचे, की ते थोड्यांना मिळते म्हणून त्याचे मोलच कमी धरावयाचे? अमेरिकेत या वयाच्या वाचकाला प्रथम ओळखले ते ग्रंथपालांनी. बाल्टिमोरच्या सार्वजनिक ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स यांनी १९३० च्या दशकापासून कुमारांसाठी वेगळा विभाग उभारला आणि पुढे युद्धकाळात घोडागाडीत पुस्तके भरून त्या ग्रंथालयाची पायरी न चढणाऱ्या वस्त्यांतून हिंडल्या. त्या देशाच्या ग्रंथालय संघाने १९५७ साली या वयासाठी निराळी शाखाच स्थापन केली. या वाङ्मयाच्या मुळाशी चैन नव्हती. ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्यापर्यंत जाण्याची ती धडपड होती.

आपल्याकडेही १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली अ, ब, क आणि ड अशा वर्गवारीने अनुदान घेणारी वाचनालये खेड्यापाड्यांतून उभी आहेत. त्यांतील पुष्कळांत मुलांची पुस्तके कुलपाच्या कपाटात असतात आणि मे महिन्यातही वाचनालय सायंकाळी घटकाभर, तेही मुख्यतः वर्तमानपत्रांसाठी उघडते. या दोषाचे खापर आपण कादंबरीच्या माथी फोडू नये. तो व्यवस्थेचा दोष आहे आणि दुरुस्त होण्याजोगा आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यालगतच्या भिलार गावाने ४ मे २०१७ पासून आपल्या घरांतून पुस्तके मांडली आणि येणाऱ्याला ओसरीवर बसून वाचण्याची मुभा दिली. जे स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावाला जमले ते ऊस तोडणाऱ्या मुलांच्या गावांना अशक्य आहे असे मी समजत नाही.

मात्र सुट्टीचा खरा गुण अजून बोललाच गेलेला नाही. वर्षभर मुलाला जे साहित्य मिळते ते 'कुमारभारती'तील उताऱ्याच्या रूपाने मिळते, आणि उतारा संपला की खाली स्वाध्याय उभा असतो : आकृती पूर्ण करा, समानार्थी शब्द लिहा, स्वमत मांडा. पान संपल्यावर प्रश्न न येता पुढचे पानच येते, असा अनुभव त्याला सुट्टीतच मिळतो. आपण त्याच्या घाईला वसुली म्हणालात. ज्याला मध्येच अडवून हिशेब विचारला जाणार नाही त्याचे ते धावणे आहे. आणि शाळा उघडल्यावर तो त्या पुस्तकाचे नाव काढीत नाही, त्याचे कारण तो ते विसरला हेच असेल असे नाही. काही पुस्तकांविषयी त्या वयात कोणाशी बोलावेसेच वाटत नाही.

आक्षेपक : न बोलण्याविषयी आपण जे म्हणालात ते मी बाजूला ठेवतो, कारण त्याची रुजुवात कोणालाच करता येणार नाही. धावण्याविषयी मात्र बोलू. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. लेखक धावला, पण त्याने श्यामला धावू दिले नाही. श्याम आपली आई बेचाळीस रात्रींत सांगतो. एका रात्री एकच प्रसंग. तो संपला की ऐकणारे उठतात, आणि ती एक गोष्ट घेऊन दुसऱ्या रात्रीपर्यंत राहतात. त्या पुस्तकाच्या घडणीतच विसाव्याची तरतूद आहे. सुट्टीतला मुलगा त्या बेचाळीस रात्री दोन दिवसांत संपवतो. त्याला रडू येते, पुन्हा येते, आणि वीस-पंचवीस रात्रींनंतर रडण्याचे कारण न वाचताच येऊ लागते. हे वाचन नव्हे असे मी म्हणत नाही, पण जे पुस्तक त्याच्या हाती दिले होते ते त्याने वाचले असेही म्हणवत नाही.

आणि याच पुस्तकावरून माझा मुख्य मुद्दा निघतो. सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, आई निवर्तलेली आहे, आणि त्या मोठ्या माणसाच्या पश्चात्तापातून लहान श्याम आपल्याला दिसतो. मराठीतील या वयाविषयीचे जे जे उत्तम आहे ते असेच दुरून पाहिलेले आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. 'वनवास' हा संग्रह १९९४ साली आला, तेव्हा लेखक साठीला टेकला होता. बेळगावकडच्या त्या कानडी वळणाच्या मराठीत लंपन स्वतः बोलतो खरा, आणि ते बोलणे इतके निर्भेळ आहे की मराठीत त्याला जोड नाही. पण कोणत्या क्षणापाशी थांबावे हे जो ठरवतो तो लंपन नव्हे, त्या क्षणाची किंमत पुढे कळून चुकलेला एक प्रौढ आहे. मिलिंद बोकिलांची 'शाळा' नववीतल्या मुकुंद जोशीच्या तोंडून येते, मुलांच्या अस्सल बोलीत येते; तिचा काळ आणीबाणीचा, आणि ती छापली गेली २००४ साली. ती वाचून ज्यांचे डोळे भरून आले त्यांतले पुष्कळजण आपली स्वतःची गेलेली नववी आठवीत होते. ही पुस्तके किशोरांविषयीची आहेत. किशोरांसाठी त्यांचा जन्म नाही. आणि जी किशोरांसाठी म्हणून जन्मली त्यांत काय आहे? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्या भवनात आला आणि वीस पुस्तकांत शाळकरी मुलगाच राहिला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्यांची चिंगी माझी लाडकी आहेत, पण मिसरूड फुटण्याच्या आधीच त्यांचे जग संपते. एका बाजूला कधीच मोठा न होणारा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला लहानपण आठवणारा मोठा माणूस. यांच्या मधला जो वाचक, त्याच्यासाठी आपण एवढा युक्तिवाद केलात, तो मराठीत कोणते पुस्तक उघडून बसला आहे ते तरी मला दाखवा.

पुरस्कर्ता : वेगाविषयी एकच सांगतो. सुट्टीतला मुलगा एकच पुस्तक एका सुट्टीत तीनदा वाचतो, ही गोष्ट मोठी माणसे हिशेबात धरीत नाहीत. पहिले वाचन पुढे काय होते ते जाणण्यासाठी. विसावा त्याच्या पुढच्या वाचनांत येतो.

आपला मुख्य मुद्दा मात्र मला झोंबला, कारण तो खरा आहे. फास्टर फेण्याविषयी आपण थोडक्यात बोललात. मला थोडे थांबावेसे वाटते. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' काढले, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि बनेश फेणे नावाच्या त्या काडीपैलवानाला सायकलवर बसवून प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत फिरवले. मराठी मुलाने स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडावे, अनोळखी माणसाशी बोलावे, पोलीस ठाण्यात जाऊन फौजदारापुढे न कचरता उभे राहावे, हे त्या पुस्तकांनी शिकवले, आणि ज्या समाजात मुलाने मोठ्यांच्या बैठकीत तोंड उघडणे हा गुन्हा होता त्या समाजात हे मोठे काम होते. पण त्याची कित्येक साहसे सुट्टीतली आहेत, आणि सुट्टी संपली की सारे पूर्वीच्या ठिकाणी परत येते. काळ सरत नाही. याच्या अगदी उलट हॅरी पॉटर पाहा. १९९७ पासून आलेल्या त्या सात पुस्तकांत मुलगा अकराचा सतराचा होतो. तिथे सुट्टी ही कैद आहे, मावशीच्या घरी कशीबशी काढावयाची, आणि आयुष्य घडते ते शाळेत. दर पुस्तकागणिक एक वर्ष जाते, माणसे मरतात, आणि मेलेली परत येत नाहीत. मराठी मुलांनी ती पुस्तके मुळातून आणि अनुवादातून एवढ्या असोशीने वाचली याचे श्रेय सर्वस्वी जादूला देणे मला पटत नाही. ज्यात काळ सरतो आणि सरलेला परत मिळत नाही अशी गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती आम्ही त्यांना लंपनच्या रूपाने दिली तेव्हा ती त्यांच्या आईवडिलांच्या कपाटात ठेवली.

मुलींच्या वाट्याला तर आणखी कमी आले. शांता शेळके यांनी 'लिटल विमेन'ची 'चौघीजणी' केली नसती, तर लिहिण्याची ओढ असलेली, राग अनावर होणारी आणि घरासाठी आपले केस विकणारी ज्यो मराठी मुलींना भेटली नसती. आणि कित्येक मराठी लेखिका त्या पुस्तकाचे ऋण मनापासून सांगतात. मूळ पुस्तक १८६८ चे. यमूच्या आधी बावीस वर्षे. यमू आणि ज्यो या जवळपास एका काळच्या मुली आहेत, एवढे एक वाक्य मनात आले तरी पंधरा वर्षांच्या मुलीला इतिहास कळू लागेल.

किशोरांनी किशोरांसाठी लिहिलेले पुस्तक मात्र अशक्य आहे असे समजू नका. अमेरिकेतील टल्सा गावच्या एस. ई. हिंटन या मुलीने 'द आउटसायडर्स' ही कादंबरी सोळाव्या वर्षी लिहिली आणि १९६७ साली ती छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिच्या शाळेत श्रीमंतांच्या आणि गरिबांच्या मुलांच्या टोळ्या होत्या. त्यांच्याविषयी कोणी खरे लिहीत नाही म्हणून तिने लिहिले. शेवट ठाऊक असण्याचे तिचे वय नव्हते. आपण मागता ते पुस्तक हे : ज्याच्या लेखकालाही पुढे काय होणार ते माहीत नाही.

आक्षेपक : मग ती सोळा वर्षांची मराठी मुलगी लिहिणार केव्हा? आणि तिच्या वर्गातली मुले ते वाचणार केव्हा? आपण सुट्टीचे एवढे गुण गायलात, पण आठवीची परीक्षा संपल्यावर ती सुट्टी राहते कोणाची? नववीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या आठवड्यात दहावीच्या शिकवणीचा व्हेकेशन वर्ग सुरू होतो. दहावीनंतरचा उन्हाळा अकरावीच्या प्रवेशात आणि वैद्यकी-अभियांत्रिकीच्या पूर्वतयारीत जातो, अकरावीनंतरचा बारावीत. ज्या वयासाठी ही कादंबरी लिहावयाची, नेमके त्याच वयाच्या सुट्टीवर आपण जप्ती आणली आहे. मघाशी मी सुट्टीला फावल्या वेळाची चैन म्हणालो. आता मला असे दिसते की फडावरच्या मुलीला ती नाही आणि पंख्याखालच्या मुलालाही फार दिवस नाही, मात्र त्याची ती त्याच्याच आईबापांनी पैसे भरून काढून घेतली. या स्थितीत किशोर-कादंबरीचा वाचक बारा वर्षांचा असणार, आणि लेखकही प्रकाशकही त्याच्याच बेताने लिहिणार. मग ती पुन्हा बालवाङ्मयाकडे घसरेल यात नवल नाही.

पुरस्कर्ता : याला माझ्याजवळ उत्तर नाही, एक दाखला आहे. बालभारती या पाठ्यपुस्तके छापणाऱ्या संस्थेने १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले, आणि तरीही ते पाठ्यपुस्तकासारखे केले नाही. मराठीतील मान्यवर कवी-कथाकारांनी त्यात मुलांसाठी लिहिले, उत्तम चित्रकारांनी चित्रे काढली, आणि ते अल्प किमतीत खेड्यांतील शाळांपर्यंत गेले. म्हणजे मुलाच्या मोकळ्या वेळाची दखल सरकारी खात्यालाही घेता येते. ज्या संस्थेने हे केले ती नववीच्या मुलासाठी एक मे महिना राखून ठेवण्याचा हुकूम काढू शकत नाही हे मला कळते. शिकवणीवर्ग तिच्या अखत्यारीत नाहीत. तो महिना राखावयाचा असेल तर तो घरानेच राखला पाहिजे. आपल्या घरी तो राखला गेला असे धरा. पंधरा वर्षांची मुलगी, मोकळी दुपार. आपण तिला काय द्याल?

आक्षेपक : मी तिच्यासाठी बेतलेले काही देणार नाही. मी तिला 'पण लक्षात कोण घेतो?' देईन. आपणच मघाशी मला त्याची आठवण करून दिलीत. प्रौढांसाठी लिहिलेली, लांब, जुन्या भाषेतली. आणि तरी तिच्याच वयाच्या एका मुलीच्या तोंडची. माझा आक्षेप आणि आपला आग्रह, दोन्ही त्या एका पुस्तकात मावतात असे मला वाटते.

पुरस्कर्ता : द्या. पण वाचून झाल्यावर तिला काही विचाराल?

आक्षेपक : विचारीन. न विचारणे मला साधणार नाही. यमूचा नवरा मरतो. ज्याने तिला लिहावयास-वाचावयास शिकवले तो मरतो, आणि मग तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केस उतरवले जातात. असे पुस्तक पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती देऊन मी बाजूला होऊ शकत नाही.

पुरस्कर्ता : मग ते पुस्तक 'कुमारभारती'त जाऊन बसले. आपण प्रेमाने विचाराल, पण तिच्या कानी पडेल ते स्वमत मांडा एवढेच. पुढचे पुस्तक ती आपल्याला सांगून वाचणार नाही.

आक्षेपक : आणि मी विचारले नाही, तर त्या पानांपाशी ती एकटी सापडली आणि घाबरली, हे मला कळावे कसे?

पुरस्कर्ता : कळणार नाही. कदाचित ती पुस्तक अर्ध्यावर टाकून देईल. कदाचित आपल्याला काहीच न सांगता आजीकडे जाईल आणि विचारील, आजी, तुझ्या आजीचे लग्न कितव्या वर्षी झाले होते? त्या दोघींत जे बोलणे होईल ते आपल्या कानावर यावे असा आपला हक्क नाही.

आक्षेपक : प्रत्येक घरात आजी नसते. आमच्या घरी नाही. तिने विचारावयाचे ठरवले तर ज्यांना विचारता येईल अशा माणसांत मी एकटाच आहे, आणि मी विचारण्यापूर्वी तिने विचारावे म्हणून किती दिवस गप्प राहावे, हे आपण मला सांगितलेले नाही.

पुरस्कर्ता : नाही. ते मलाही ठरवता आलेले नाही.